नातवंडांसाठी शुभेच्छापत्रे आणि खाऊच्या डब्या : या चुका टाळा

नातवाच्या वाढदिवसासाठी हौसेने केलेल्या डबीची घडी उकलते किंवा झाकण बसत नाही, तेव्हा आजी-आजोबा आपल्या थरथरत्या हाताला दोष देतात. माझ्या मते हा दोष हाताचा क्वचितच असतो; तो बहुधा कागदाच्या निवडीत आणि दुमडण्याच्या घाईत असतो.

नाशिकच्या रविवार कारंजा किंवा मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात नुसते 'कार्डशीट द्या' असे न म्हणता जाडी सांगावी. झेरॉक्सचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असतो आणि तो उभ्या ठेवलेल्या कार्डाला पेलत नाही. कार्डासाठी 180 ते 250 आणि डबीसाठी 250 ते 300 जीएसएमचा कागद योग्य ठरतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कागदाच्या धाग्याकडे. यंत्रावर तयार झालेल्या कागदातील बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात, त्यामुळे त्यांना समांतर घातलेली घडी गुळगुळीत येते आणि आडवी घातलेली घडी तडकून आतला पांढरा थर दिसू लागतो. कागद न मोडता आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकेल, तीच कार्डाच्या घडीची दिशा समजावी. डबीला मात्र दोन्ही दिशांनी घड्या लागतात. म्हणून स्टीलच्या पट्टीच्या कडेने, शाई संपलेल्या बॉलपेनने प्रत्येक रेघेवर आधी खाच पाडावी आणि मागे उमटलेला उंचवटा घडीच्या आत राहील अशा बेताने कागद दुमडावा. या एका कामात अजिबात घाई करू नये.

झाकण तळाच्याच मापाचे कापणे ही दुसरी नेहमीची चूक. तळ 10 सेंटिमीटर चौरस आणि बाजू 4 सेंटिमीटर उंच हवी असेल, तर 18 सेंटिमीटरचा चौरस लागतो. झाकणाचा माथा मात्र 10.3 सेंटिमीटरचा ठेवावा. कार्डाच्या बाबतीत पाकीट आधी आणावे आणि त्याच्या मापाने कार्ड कापावे.

नाशिकच्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा शोषतो, त्यात फेव्हिकॉल पाण्यात कालवलेला असल्याने जास्त लावल्यास कागद फुगून वेडावाकडा होतो. बोटाने पातळ थर द्यावा, सांधा सुकेपर्यंत कपड्यांचा चिमटा लावावा, आणि कार्डावर चित्र चिकटवायचे असेल तर सरळ डबल टेप वापरावा.

चिवडा थेट कागदात भरला की तासाभरात तेलाचे डाग उमटतात. आत बटर पेपर घालावा. वर्तमानपत्र मुळीच नको, कारण त्याची शाई खाण्याला लागते आणि त्यात खाद्यपदार्थ बांधून देण्यास अन्नसुरक्षा नियमांचीही मनाई आहे. पाच वर्षांखालच्या नातवंडासाठी अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या डबीत ठेवू नयेत, द्राक्षे असतील तर उभी चिरून द्यावीत. स्टेपलर पिना, टिकल्या आणि मणी या वयात घशात अडकू शकतात, म्हणून तिथे रंगीत कागदाचे मोठे आकारच चिकटवावेत. खाऊ डबी देण्याच्या दिवशीच भरावा.