टाचेचं हाड वाढलंय? आधी तळव्याचा पट्टा सैल करा

सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. थोडं चाललं की बरं वाटतं, पण बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. अंगठ्याने टाचेखाली, आतल्या बाजूला दाबून बघा. तिथेच दुखत असेल तर टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा बहुधा दुखावलेला आहे.

एक्स-रेत दिसणारं वाढीव हाड हे सहसा या पट्ट्यावर पडणाऱ्या ताणाचं फळ असतं, दुखण्याचं मूळ नव्हे. असं हाड असूनही टाच कधीच न दुखलेली माणसं पुष्कळ. त्यामुळे ‘हाड वाढलंय’ ऐकून लगेच ऑपरेशनपर्यंत जाऊ नका.

अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा. गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. पोटरी ताणली जाईल इतकं पुढे झुका, ३० सेकंद थांबा, तीनदा करा. कंटाळवाणं आहे, पण खरा गुण यालाच. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली १० मिनिटं फिरवा.

घरात शहाबादी फरशीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ जाड तळाची चप्पल घाला. झिजलेली स्लिपर घालून दिवसभर कापूस वेचणं किंवा पायी अनवाणी तुळजापूर, हे टाच बरी होईस्तोवर नको. देवी समजून घेईल. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं लागेल.

तापवलेली वीट आणि रुईचं पान हा गावोगावचा उपाय. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, पण रुईच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. मधुमेहाने पाय बधिर असेल तर वीट नको आणि बर्फही नको. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

बहुतेकांना आराम पडतो, पण काही महिने लागतात. सहा-आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. टाचेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन लवकर आराम देतं, मात्र वारंवार घेतल्यास पट्टा तुटू शकतो. रात्री झोपेतही ठणकणं, सूज, ताप, मुंग्या किंवा पडल्यानंतरचं दुखणं असेल तर वाट पाहू नका. तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताची तपासणी करून घ्या.