मृगाआधी सातेरीच्या पेट्या आणि मांडव

मृग 7 जूनच्या आसपास लागतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याआधी दोन आठवडे तरी सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेट्यांची कामं हातावेगळी करावीत. शेवटचा मध फक्त मधकोठीतला (पेटीच्या वरच्या, मध साठवायच्या कप्प्यातला) घ्या, तोही चौकटीतली तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झालेली असतील तरच; कच्चा मध आंबतो. पिलावा कोठीत (अंडी-अळ्या वाढतात त्या खालच्या कप्प्यात) चौकटींच्या वरच्या कडेला असलेला मध माश्यांचा. तोही ओरबाडला की जुलैत वसाहत पेटी सोडून जाते आणि बोल पावसाला लागतो.

मग मधकोठी उतरवा आणि माश्यांनी न झाकलेली पोळी बाहेर काढा. रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरतो, घराघरांतून रेशमी जाळीचे बोगदे करत जातो. जुनी काळी पोळी वितळवून मेण करा. तळपाट आठ-दहा दिवसांनी खरवडत राहा, कारण किड्याच्या अळ्या तिथल्या चुऱ्यावरही पोसतात. मेलिफेरा ही परदेशी पाळीव माशी झाडांचा चीक आणून फटी बुजवते. सातेरी बुजवत नाही. ते काम शेणमातीने आपणच करायचं. जेमतेम दोन चौकटी झाकणारी वसाहत पावसाळा काढेल या आशेवर राहू नका, शेजारच्या सशक्त वसाहतीत मिसळा: कमकुवत राणी काढायची, दोन्ही कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. तो कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो.

पेटीचं तोंड नैर्ऋत्येच्या झडीकडे नको. घोडी (पेटी ठेवायचं स्टँड) पुढे किंचित कललेली, पाय पाण्याच्या वाट्यांत, वाटीत थोडं जळकं तेल. खालचं गवत काढा. एक पातं पेटीला टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो. छपरावर दगड ठेवा. पेटी हलवायची असेल तर रोज हातभरच सरकवा, नाहीतर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच घिरट्या घालतात.

साखरपाकासाठी 1 किलो साखर, 1 लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. करपलेला पाक माश्यांना बाधतो, गुळाने हगवण लागते. मध्यम वसाहतीला आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखरेचा पाक पुरतो. तो गार करून संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या, वर काड्या टाका म्हणजे माश्या बुडणार नाहीत. बाहेर थेंब सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात, म्हणून दारही अरुंद ठेवा.

साखरेत पराग नसतो, तो बागेतून यायला हवा. पावसाच्या आरंभी बांधावर मका दोन-तीन टप्प्यांत पेरा, तुळस आणि झेंडू लावा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम फुलोऱ्यात नकोच. निंबोळी अर्कसुद्धा सूर्यास्तानंतर फवारा. काकडी, कारली आणि लाल भोपळ्याची फुलं सकाळी उघडतात, ती माश्यांकडे सोपवा. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतो, तेव्हा माश्या घरी परतत असतात. तिथे फळधारणा कमी दिसली तर दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा.