क्लायंट विम्याचं प्रमाणपत्र नाकारत होता: सांगलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी पॉलिसी कशी जुळवली

अमेरिकेतला क्लायंट करारावर सही करण्याआधी विम्याचं प्रमाणपत्र मागत होता. आग-चोरीची पॉलिसी पाठवली, परत आली. नुसती सायबर पॉलिसीही चालली नाही. ऑर्डर हातची जाणार म्हणून जीव टांगणीला लागला होता.

जमलं ते असं. आधी करारातलं विम्याचं आणि दायित्वाचं कलम जसंच्या तसं ब्रोकरला दिलं. मग प्रोफेशनल इन्डेम्निटी घेतली, कारण सदोष कोडमुळे ग्राहकाचं आर्थिक नुकसान झालं तर तो दावा तिथे बसतो. सायबर सोबत ठेवली. विमा कंपनीच्या कोटेशनमध्ये न्यायक्षेत्र, म्हणजे कुठल्या देशांतल्या कोर्टातले दावे धरले जातील ते, 'जगभर, अमेरिकेसह' असं लिहून घेतलं. आमचं घोडं इथेच अडलं होतं. त्यानंतर रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख तपासली. त्या तारखेआधीच्या कामावरचा दावा धरला जात नाही, म्हणून नूतनीकरणात, विशेषतः विमा कंपनी बदलताना, ती पुढे सरकू देऊ नका. दाव्याची कुणकुण लागताच विमा कंपनीला कळवायचं, तेही पॉलिसी चालू असतानाच.

प्रमाणपत्र मंजूर झालं. ऑफिससाठी मात्र वेगळी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही छोट्या उद्योगांच्या मालमत्तेची पॉलिसी घेतली: एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते, पूरही धरते. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णा शहरात शिरली होती. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर हे टाळू नका.