गिअरबॉक्स परत चढवताना दोन मुंडकंछाट बोल्ट वापरा

घरी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील बदलताना उतरवणं सोपं जातं. घाम फुटतो तो गिअरबॉक्स परत बसवताना. तीसेक किलोचं धूड जॅकवर तोलत भोकं जुळवायची, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट काही क्लच प्लेटमधून आत सरकत नाही. त्याला वाट दाखवायला दोन बिनमुंडक्यांचे लांब बोल्ट कामी येतात.

गिअरबॉक्सचा एक जुना बोल्ट खिशात घालून नटबोल्टाच्या दुकानात जा (नाशिकात सातपूर किंवा अंबडला). त्याच जाडीचे, त्याच आट्यांचे, पण तीन-चार इंच जास्त लांब असे दोन बोल्ट घ्या. आटे नजरेनं ठरवू नका, १.२५ आणि १.५ मिमी अंतराचे आटे दिसायला सारखेच.

१. दोन्हींची मुंडकी हॅकसॉनं छाटा, टोकाला स्क्रू ड्रायव्हरपुरती खाच पाडा, कडा कानशीनं घासा.
२. इंजिनाच्या समोरासमोरच्या भोकांत ते हातानं फिरवून बसवा.
३. गिअरबॉक्स त्यांच्यावर अडकवून पुढे ढकला. अडलाच तर टॉप गिअर टाकून गिअरबॉक्सचा चाकांकडे जाणारा शाफ्ट किंचित फिरवा, खटकन आत जातो.
४. बाकीचे बोल्ट लागले की हे दोन काढून मूळचे लावा.

अर्थात, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आवळण्याआधी क्लच प्लेट मध्यावर आणलेली हवी. ती तिरकी असेल तर ब्रह्मदेव आला तरी शाफ्ट जाणार नाही.

सांभाळायचं ते एवढंच: या मुंडकंछाट बोल्टांच्या किंवा क्लच प्लेटच्या भरवशावर गिअरबॉक्स लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नका, प्लेट वाकते. खाली जॅक हवाच, आणि गाडी जॅक स्टँडवर, विटांवर नाही. उरलेली फट बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, गिअरबॉक्सचा बोल्टाचा कान तुटतो.