जेनेटिक्स शिकायचंय? मग वाटीभर हरभरे घ्या

बऱ्याच जणांचं जेनेटिक्स दहावीतच संपतं. मेंडेल, वाटाणे, उंच-बुटकं झाड, चौकट भरली, मार्क मिळाले, विषय बंद. माझं म्हणणं एवढंच की चौकटी पाठ करण्यापेक्षा एक खरं भांडण पकडा आणि त्याच्या मागे लागा, आणि आपल्याकडे बीटी कापसाएवढं चांगलं भांडण दुसरं नाही.

आधी थोडी ओळख. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी हे त्याचंच छोटं नाव) नावाचा मातीतला एक जिवाणू आहे, तो एक प्रोटीन बनवतो, अळीच्या पोटात गेलं की ते आतड्याला चिकटून भोकं पाडतं आणि अळी मरते. आपल्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नाही. या प्रोटीनचा जीन कापसात घातला, 2002 मध्ये भारतात परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जीनवालं बियाणं आलं. म्हणजे झाड स्वतःच औषध बनवणार, बोंडअळीसाठी फवारणी नको. सुरुवातीला चाललंही मस्त.

आता वाटी घ्या. 80 हरभरे, 20 वाटाणे. हरभरा म्हणजे साधा जीन, वाटाणा म्हणजे बीटी पचवणारा जीन. डोळे मिटून दोन-दोन दाणे काढा, एक जोडी म्हणजे एक अळी. दोन्ही वाटाणे आले तरच अळी जगली, एक जरी हरभरा असला तरी मेली (रिसेसिव्ह म्हणतात ते हेच). 50 जोड्यांत सरासरी 2 वाचतील. पण त्या दोघींकडे फक्त वाटाणेच आहेत ना! त्यांचंच आपापसात जमलं तर पुढची सगळी पिढी बीटी खाऊन जगणार.

म्हणून बाजूला थोडा साधा कापूस लावायला सांगायचे, त्याला रेफ्युजी म्हणतात. तिथे साध्या जीनच्या अळ्या जगतात, आणि वाचलेल्यांचं जमतं ते बहुतेक त्यांच्याशीच. तेही करून बघा, त्या 4 वाटाण्यांत 36 हरभरे टाका आणि परत काढा. आता दोन्ही वाटाणे शंभरात एखाद्या वेळी येतील. खऱ्या शेतात हिशोब इतका सरळ नसतो, पण मुद्दा हाताला कळतो, फळ्यावर बघून तो मला तरी कधी कळला नव्हता.

पुढचा भाग पुस्तकात नाही, तो गावात विचारायचा. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं बी वेगळं यायचं, ते किती जणांनी लावलं? बहुतेकांनी नाही, आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, चार-पाच एकरवाला माणूस अळीला खायला म्हणून ओळी का सोडेल? नंतर साधं बी पाकिटातच मिसळून द्यायला लागले. फरदडीबद्दलही विचारा, डिसेंबरनंतर कापूस उभा ठेवला की गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं. आणि ही अळी जवळपास फक्त कापसावरच जगते, अमेरिकन बोंडअळीला मात्र तूर चालते, हरभरा चालतो, म्हणजे तिला रेफ्युजी फुकटात मिळाला. 2017 ला गुलाबी अळीने विदर्भात बोंडं पोखरली, त्याच वर्षी यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली.

इथपर्यंत आलात की दोन जुनी प्रकरणं शोधून वाचा. 2010 ला बीटी वांग्याला सरकारने स्थगिती का दिली, आणि 2019 ला अकोल्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं बियाणं, जाहीरपणे का पेरलं. दोन्ही बाजू वाचा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पेन्सिलने लिहा, हा जीनचा प्रश्न की बियाण्याच्या भावाचा की कायद्याचा. माझ्या वहीत जीनच्या रकान्यात सगळ्यात कमी मुद्दे आले, तुमचं वेगळं येऊ शकतं.

हरभरे तेवढे नंतर भिजत घाला, उसळ होते.