बोटीवरचा जुना फ्रिज बदलताय? आधी हे बघा

नवीन कूलिंग युनिट (कॉम्प्रेसरसकट गार करणारी यंत्रणा) मागवायच्या आधी फ्रिजच्या बॉक्सचं इन्सुलेशन, म्हणजे भिंतीतला फोम, तपासा. फ्रिज चालू असताना शेजारच्या लॉकरमधून बॉक्सच्या भिंतीला हात लावा, गार किंवा दमट लागली तर फोम पाणी प्यायलाय असं समजा आणि मग कितीही भारी कॉम्प्रेसर बसवा, बॅटरी रिकामीच होणार. चारही बाजूंनी निदान ४ इंच फोम हवा, झाकणाचा रबर पण बदलून टाका.

जुन्या सिस्टीममध्ये आर-१२ (गार करणारा जुना, ओझोन थराला घातक) गॅस असू शकतो, तो हवेत सोडू नका, मेकॅनिककडून काढून घ्या.

आता वायर. मी आळस करून जुनी बारीक वायरच ठेवली आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, टक्, बंद, परत टक्. बॅटरीवर १२.६ व्होल्ट छान दिसत होते पण मीटर कॉम्प्रेसरच्या टर्मिनलला लावला तर सुरू होताना १० च्या खाली, म्हणजे बारीक वायरमध्येच व्होल्टेज पडत होतं, युनिट स्वतःला वाचवायला बंद होत होतं आणि मी उगाच युनिटला शिव्या घालत होतो! जाड टिन्ड (कथिलाचा मुलामा दिलेली) वायर थेट बॅटरीपासून ओढा, फ्यूज बॅटरीजवळच. कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) मोकळी हवा मिळू द्या, इंजिनशेजारी तर नकोच.