स्काऊट पथक नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

शाळेने यंदा तुमच्याकडे स्काऊटचं पथक सोपवलं असेल, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "सर, राज्य पुरस्कार नक्की मिळेल ना?" मी त्यांना सांगतो, आधी त्याला नीट गाठ मारता येऊ दे.

स्काऊटच्या पायऱ्या अशा: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्याला ठरावीक काळ द्यावाच लागतो, त्यामुळे सुरुवात लांबली की पुढचं सगळंच लांबतं. पाचवीच्या मुलांची नोंदणी शाळा उघडताच करा, दीक्षाविधी, म्हणजे मुलाला रीतसर स्काऊट करून घेण्याचा कार्यक्रम, दिवाळीच्या आत.

शिकवणं मात्र शक्य तेवढं संघनायकांवर, म्हणजे पथकातल्या छोट्या संघांचं नेतृत्व करणाऱ्या मुलांवर, सोपवा. 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनीही मुलांचे चार संघ पाडून जबाबदारी त्यांच्याच नायकांवर दिली होती. सातवीतला दादा रीफ नॉट दाखवतो तेव्हा पाचवीतला पोरगा न लाजता दहादा विचारतो. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दुसऱ्या वेळीही उजवंच वर गेलं तर गाठ आडवी बसते आणि ताण आला की घसरते. बरोबर मारलेली गाठ चपटी राहते, अंगाला टोचत नाही, म्हणून प्रथमोपचाराच्या त्रिकोणी पट्टीला हीच. जाड दोराला बारीक दोर जोडायचा तर शीट बेंड ही गाठ. कुठली गाठ कुठे आणि का, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत मी त्याला चाचणीला पाठवत नाही.

शिबिरातला स्वयंपाक हा माझा सर्वांत आवडता भाग. शहरातल्या कितीतरी मुलांनी चूल पेटवलेली नसते. वारा कुठून येतो ते बघून तीन दगड मांडायचे, आधी वाळक्या काटक्या, जाड लाकूड नंतर. जवळ पाण्याची बादली हवीच. भात खाली लागला तरी तो संघानेच खायचा, घरून डबा येणार नाही. याबाबत मी हट्टी आहे.

लॉगबुक, म्हणजे शिबिरात काय केलं त्याची मुलाची नोंदवही, त्याच संध्याकाळी लिहून घ्या. आई-बाबांनी सुंदर अक्षरात लिहून दिलेली वही लगेच ओळखू येते, कारण त्या मुलाला आपल्याच शिबिराबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत.

शेवटचं, प्रमाणपत्रं. मूळ प्रत पालकांकडे, झेरॉक्स तुमच्या फायलीत. मधेच शाळा बदलणारी मुलं दरवर्षी असतात आणि पुढच्या अर्जात आधीच्या सोपानाची तारीख लागते.